डोक्याला खोक पडली की... तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या वेळी भाजण्याबद्दल लिहिताना शेवटी सहज म्हटलं होतं की डोक्याच्या जखमांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बऱ्याच पत्रांत एकच गोष्ट होती, रक्त किती गेलं, टॉवेल किती भिजले, फरशी कशी लाल झाली. वीसेक वर्षं कॅज्युअल्टीत आणि सर्जरीत काढल्यावर मला मात्र उलटीच सवय लागलीय, डोक्यातून भळाभळा रक्त येणारा माणूस ओरडत भांडत आत आला की मी निवांत असते, आणि छोटीशी जखम घेऊन गप्प गप्प बसलेला आला की आधी त्याच्याकडे धावते. का ते उत्तरांत येईलच.

प्रश्न : डॉक्टर, माझा सहा वर्षांचा मुलगा पलंगावर उड्या मारताना पडला आणि कडेवर डोकं आपटून खोक पडली. इतकं रक्त आलं की माझे हातपायच गळाले, शर्ट, चादर, टॉवेल सगळं भिजलं. ह्यांनी टॉवेल दाबला होता पण दर मिनिटाला उचलून बघत होते थांबलं का म्हणून. हॉस्पिटलमध्ये म्हणाले जखम दोन सेंटीमीटरची आहे, तीन स्टेपल मारले आणि तासाभराने घरी पाठवलं, सीटी स्कॅनसुद्धा केला नाही. एवढं रक्त गेलेलं असताना हा निष्काळजीपणा नाही का? – एक आई

ताई, आधी हे सांगा, तो रडला ना लगेच? पत्रात पुढे लिहिलंयत की रडला, नंतर स्टेपल मारताना डॉक्टरांना लाथ मारली आणि घरी येऊन खेळायला लागला. मग मला तरी यात निष्काळजीपणा दिसत नाही.

आता इतकं रक्त का येतं ते सांगते. डोक्याची कातडी म्हणजे एक पातळ पडदा नव्हे, तिचे पाच थर असतात. वर केस असलेली त्वचा, तिच्याखाली घट्ट तंतूंचा थर, मग एक चिवट पांढरा पापुद्रा ज्याला आम्ही गॅलिया म्हणतो, त्याखाली भुसभुशीत सैल थर आणि सगळ्यात शेवटी कवटीच्या हाडाला चिकटलेलं आवरण. रक्तवाहिन्यांचं जाळं मुख्यतः त्या दुसऱ्या घट्ट थरात असतं. हाताला कापलं की तिथली रक्तवाहिनी आकसून आत ओढली जाते आणि रक्त आपोआप कमी होतं, पण डोक्यात हे घट्ट तंतू तिला सगळीकडून ताणून धरतात, तिला आकसायलाच देत नाहीत, तोंड उघडंच राहतं. त्यात कपाळावरून, कानाच्या पुढून, कानाच्या मागून आणि मानेच्या मागून अशा दोन्ही बाजूंनी मिळून पाच जोड्या रक्तवाहिन्या वर येतात आणि सगळ्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे एका बाजूने बंद केलं तरी दुसरीकडून पुरवठा चालूच. म्हणून दोन सेंटीमीटरच्या खोकेतून टॉवेल भिजतो. याचा फायदाही तेवढाच आहे बरं का, एवढा रक्तपुरवठा असल्यामुळे डोक्याची जखम इतर जागांपेक्षा लवकर भरते आणि सहजी चिघळत नाही.

तुमच्या मिस्टरांनी दाबलं हे बरोबर केलं आणि उचलून बघितलं हे चुकलं. रक्त गोठायला जेमतेम सुरुवात होते आणि आपण कापड उचलतो, त्याबरोबर ती गुठळी निघून येते आणि पुन्हा पहिल्यापासून. स्वच्छ कापड किंवा गॉज घ्यायचं, तळहाताने घट्ट दाबायचं आणि घड्याळ लावून १० ते १५ मिनिटं सोडायचं नाही. कापड भिजलं तर काढायचं नाही, त्यावरच दुसरं ठेवायचं. खाली कवटीचं हाड टणक आहे म्हणून दाब छान लागतो, शरीरात दाबून रक्त थांबवायला याच्याइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. फक्त दोन प्रकारच्या जखमांत जोरात दाबायचं नाही. बोटाखाली हाड आत दबल्यासारखं किंवा खळगा पडल्यासारखं लागलं तर मधोमध दाबू नका, वरून हलकं कापड ठेवून कडेने दाबा. आणि काच, खिळा, लाकूड असं काही रुतलेलं असेल तर ते ओढून काढू नका, त्याच्या आजूबाजूने दाबा आणि तसंच घेऊन या. उंचावरून पडलेला असेल, मान दुखतेय म्हणत असेल तर मान हलवायची नाही, अँब्युलन्स बोलवा.

एक हिशोब डोक्यात ठेवा. वीस किलोच्या मुलाच्या अंगात साधारण दीड लिटर रक्त असतं. दोन-चार चमचे रक्त पाण्यात किंवा घामात मिसळून कापडावर पसरलं की भयानक दिसतं पण त्याने मुलाला काही होत नाही. मात्र तान्ह्या बाळांच्या बाबतीत असं बोलून चालत नाही. त्यांच्या अंगात मुळात रक्त कमी, आणि त्या सैल थरात आतल्या आत रक्त साठत गेलं तर बाहेर थेंब न दिसता बाळ पांढरं पडू शकतं. बाळाच्या डोक्यावर मोठं मऊ टेंगूळ वाढत चाललंय असं वाटलं तर घरी बसायचं नाही.

आता सीटीचं. जखम किती मोठी यावर सीटी ठरत नाही, मेंदूला मार लागला असेल का यावर ठरतो. शुद्ध हरपली का, उलट्या किती झाल्या, मूल नेहमीसारखं वागतंय का, किती उंचावरून पडलं हे सगळं बघतात. दोन वर्षांखालचं बाळ तीन फुटांपेक्षा आणि त्याहून मोठं मूल पाच फुटांपेक्षा जास्त उंचीवरून पडलं तर आम्ही जास्त सावध होतो, पलंगाची उंची त्यात बसत नाही. सीटीत रेडिएशन असतं, लहान मुलांना उगाच द्यायचं नसतं, म्हणून बऱ्याचदा काही तास नजरेखाली ठेवणं हाच चांगला इलाज.

घरी गेल्यावर २४ तास, जमलं तर ४८, कुणीतरी सोबत असावं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून नीट जागं न होणं, बडबड किंवा विचित्र वागणं, फिट, एका हातापायात जोर नसणं, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळणं, यातलं एकही दिसलं तर सरळ परत. आणि झोपू द्यायचं नाही असं सगळे सांगतात ना, डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर खुशाल झोपू द्या, पोरगं दमलेलं असतं. पहिल्या रात्री सांगितलं असेल त्याप्रमाणे एक-दोनदा उठवून नाव विचारा, नीट बोललं की पुन्हा झोपवा.

प्रश्न : माझ्या डोक्याला कपाटाचं दार लागलं, चार सेंटीमीटर कापलं. टाके घालण्यासाठी जखमेच्या आजूबाजूचे तळहाताएवढे केस वस्तऱ्याने काढले! मला इतकं रडू आलं. मैत्रीण म्हणते तिच्या भावाला केस न कापता नुसते केसच एकमेकांना चिकटवून जखम बंद केली. हे खरं आहे की ती थापा मारतेय? आणि आता केस येतील ना? – एक वाचक, वय १९

मैत्रीण थापा मारत नाहीये. जखमेच्या दोन्ही कडांचे थोडे थोडे केस घ्यायचे, एकदा एकमेकांवरून पीळ द्यायचा, गाठ नाही मारायची, आणि त्या पिळावर वैद्यकीय ग्लूचा एक थेंब. असं करत करत पूर्ण जखम बंद. यावर सिंगापूरच्या डॉक्टरांनी टाक्यांशी तुलना करून केलेला अभ्यास २००२ मध्ये छापला गेला, त्यात दहा सेंटीमीटरपेक्षा छोट्या सरळ जखमा आणि तीन सेंटीमीटरपेक्षा लांब केस असलेले पेशंट घेतले होते, आणि ही पद्धत टाक्यांच्या तोडीस तोड ठरली, वर दुखणं कमी आणि वेळही कमी. टाके काढायला परत यावं लागत नाही, ग्लू काही दिवसांत आपोआप सुटतो. पण सगळ्यांना चालत नाही. रक्त थांबतच नसेल, जखम मातीने भरलेली असेल, किंवा खालचा गॅलिया फाटून जखम आ वासून उघडी पडली असेल तर नुसते केस बांधून भागत नाही. गॅलिया आडवा फाटला की कपाळाचा स्नायू पुढे ओढतो आणि मागचा मागे ओढतो, म्हणून ती जखम फाकते, तिथे आतून विरघळणारे टाके घालून मगच वरची कातडी शिवायची असते. (आणि हो, घरातला फेव्हिक्विकसारखा ग्लू वापरायचा नाही, मला असे दोन पेशंट भेटलेत म्हणून लिहितेय, हसू नका.)

वस्तऱ्याचं म्हणाल तर मलाही ते आवडलेलं नाही. पूर्वी सर्रास भादरायचे, आता माहीत आहे की वस्तऱ्याने कातडीवर बारीक बारीक ओरखडे पडतात आणि उलट जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. केस बाजूला सारून व्हॅसलिनसारख्या मलमाने चिकटवून ठेवता येतात, फारच आड आले तर कात्रीने किंवा ट्रिमरने कडेचे कमी करायचे. भुवई तर कधीच काढू नये, एकतर कुठे जुळवायचं तेच कळत नाही आणि पुन्हा नीट येईलच याची खात्री नसते. पण एक मान्य करायला हवं, रात्री दोन वाजता रक्त वाहत असताना डॉक्टरला आधी जखम दिसायला हवी असते, त्यामुळे त्यांना फार शिव्या घालू नका.

केस येतील. डोक्याचे केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. टाक्यांच्या आजूबाजूचे काही केस धक्क्याने गळतात, तेही तीन ते सहा महिन्यांत परत येतात. जिथे प्रत्यक्ष कापलं गेलं ती बारीक रेघ मात्र बिनकेसांची राहू शकते कारण व्रणाच्या कातडीत केसांची मुळं नसतात. ती लपते. रुंद राहिली आणि खुपत असेल तर वर्षभराने प्लास्टिक सर्जनला दाखवा, त्याआधी नको, व्रण तोपर्यंत बदलत असतो.

प्रश्न : डोक्यात सात स्टेपल आहेत. केस कधी धुऊ? स्टेपल काढताना दुखतं का? जखमेच्या मागचा भाग बधिर आहे, कंगवा फिरवला तरी कळत नाही, हे नॉर्मल आहे का?

केस २४ ते ४८ तासांनी धुवा, साधा शाम्पू, नखं न लावता, जोरात चोळायचं नाही, टॉवेलने टिपून कोरडं करायचं. सुकलेलं रक्त केसांत तसंच ठेवून आठवडाभर फिरणाऱ्यांपेक्षा धुणाऱ्यांची जखम चांगली राहते. पोहणं आणि टबमध्ये डोकं बुडवणं टाके निघेपर्यंत बंद. ग्लू लावला असेल तर त्यावर मलम लावू नका, मलमाने ग्लू सुटतो.

स्टेपल ७ ते १० दिवसांत काढतात, त्यासाठी वेगळं यंत्र असतं, पिन मधोमध दाबली की टोकं बाहेर येतात. चिमटा काढल्यासारखं वाटतं, बस. घरी पक्कड घेऊन बसू नका. डोक्याच्या कातडीतल्या स्पर्शाच्या नसा पुढून आणि मागून वर चढत येतात, जखमेत त्या तुटल्या की त्यापलीकडचा भाग बधिर होतो. मग काही आठवड्यांनी तिथे मुंग्या, खाज, मधूनच विजेसारखी चमक सुरू होते, ती नस परत येत असल्याची खूण. काही महिने जातात. छोटासा तुकडा कायमचा बधिर राहिला तरी त्याने काही बिघडत नाही, फक्त गरम ड्रायर तिथे जपून वापरा.

लाली वाढत चाललीय, ठणका लागलाय, पू येतोय, ताप आहे असं असेल तर दहा दिवस थांबायचं नाही. मघाशी सांगितलेला तो भुसभुशीत थर आहे ना, तिथे पू झाला तर तो सहज पसरतो आणि तिथल्या काही शिरा कवटीतून आरपार आत गेलेल्या असतात, त्यामुळे जंतूंना मेंदूकडे जायला आयती वाट मिळते. क्वचित होतं, पण होतं.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, बाथरूममध्ये घसरले, डोक्याच्या वर समोर खोक पडली. घरीच दाबून रक्त थांबवलं, पट्टी बांधली. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. बाबा म्हणतात मी ठणठणीत आहे, कशाला हॉस्पिटल. पण दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळे काळेनिळे होऊन सुजले, डोळ्यांना तर काही लागलंच नव्हतं. काय करावं?

तुम्हाला मी फोनवरून कळवलंच, छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे नव्हतं. पण इथे लिहिते कारण असे बाबा घरोघरी आहेत.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाने डोकं आपटलं की जखम असो नसो, त्याच दिवशी तपासणी. वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो, मेंदू आणि कवटीच्या आवरणाला जोडणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, धक्क्याने त्यातली एखादी तुटली की हळूहळू रक्त साठत राहतं. तासाभरात नाही, कधी कधी दिवसांनी, आठवड्यांनी त्रास दिसतो, मग घरचे म्हणतात बाबा हल्ली विसरायला लागलेत, चालताना झोक जातो, वयच झालं. वय नसतं ते. त्यामुळे अशा पेशंटचा सीटी करताना आम्ही फार मागेपुढे बघत नाही. जाताना गोळीचं पाकीट घेऊन जा आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ती हृदयासाठी किंवा झडपेसाठी असेल तर बंद केल्याने दुसरंच काहीतरी होऊन बसायचं, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

डोळ्यांचं कोडं मात्र मजेशीर आहे. कपाळाचा स्नायू हाडाला चिकटलेला नसतो, भुवईजवळच्या कातडीत मिसळलेला असतो. त्यामुळे डोक्याच्या त्या सैल थरात साठलेलं रक्त खाली उतरत उतरत पापणीपर्यंत येतं. मागे आणि कानाच्या बाजूला तो पापुद्रा हाडाला बांधलेला असतो, तिकडे जायला वाट नाही, म्हणून सगळं पुढे. खोक डोक्यावर आणि दुसऱ्या दिवशी डोळा काळा, यात डोळ्याला काही झालेलं नसतं, आठवड्या-दोन आठवड्यांत पिवळं हिरवं होत उतरतं. पण कवटीचा तळ फुटला तरी डोळ्यांभोवती असेच काळे वर्तुळ येतात, कधी कानामागे निळसर डाग येतो, आणि बाहेरून बघून दोन्हीतला फरक सांगायला मी स्वतःवरही विश्वास ठेवत नाही. म्हणून तपासणी.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीला भटका कुत्रा डोक्याला चावला. जवळच्या दवाखान्यात लगेच टाके घातले, टिटॅनसचं इंजेक्शन आणि एक रेबीजचं इंजेक्शन दिलं. पुढचं इंजेक्शन तीन दिवसांनी आहे. एवढं पुरेसं आहे ना?

नाही, पुरेसं नाही. यांनाही त्याच दिवशी उलट कळवलं.

डोक्याला किंवा तोंडाला चावा म्हणजे सगळ्यात वरच्या धोक्याचा चावा, कारण रेबीजचा विषाणू नसांमधून मेंदूकडे सरकतो आणि इथून मेंदू अगदी जवळ. लस दिल्यावर शरीराला स्वतःचं संरक्षण तयार करायला आठवडा-दहा दिवस लागतात, मधल्या काळात काय? त्यासाठी रेबीज इम्युनोग्लोब्युलिन असतं, म्हणजे तयार अँटिबॉडी, ते दंडात नाही तर जखमेच्या आत आणि आजूबाजूला सोडायचं. पहिल्या दिवशी राहून गेलं तर लसीच्या पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं, त्यानंतर उपयोग नाही. म्हणून कार्ड काढा, बघा त्यावर त्याची नोंद आहे का, नसेल तर आजच जा. लसीचे पुढचे डोस तारखेप्रमाणे, एकही चुकवायचा नाही. कुत्रा सापडला आणि दहा दिवस धडधाकट राहिला तर उरलेले डोस थांबवायचे का ते डॉक्टर सांगतील, पण दहा दिवस वाट बघून मग लस सुरू करू असं कधीच नाही.

चाव्याच्या जखमेला लगेच टाके घालायचे टाळतात. आधी साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त वेळा राहून जाणारं काम. मग इम्युनोग्लोब्युलिन, आणि टाके घालावेच लागले तर त्यानंतर, तेही सैल. साध्या स्वच्छ खोकेला अँटिबायोटिकची गरज नसते, पण चाव्याला बहुतेक वेळा लागतं. अजून एक, चार वर्षांच्या मुलीची कवटी पातळ असते, कुत्र्याचा सुळा तिच्यातून आरपार जाऊ शकतो आणि वरून दिसतं काय, तर टाचणीएवढं भोक. त्यामुळे ही जखम मोठी नाहीये असं कुणी म्हणालं तरी कवटीचा फोटो किंवा सीटी लागेल का ते विचारा.

धनुर्वाताचं विचारलंच आहे बऱ्याच जणांनी तर इथेच सांगते. लहानपणीचे सगळे डोस झालेले असतील तर स्वच्छ छोट्या जखमेला शेवटचा डोस होऊन १० वर्षं झाली असतील तरच बूस्टर, मातीची, गंजाची, चाव्याची जखम असेल तर ५ वर्षं. प्रत्येक खरचटण्याला इंजेक्शन घेत बसायची गरज नाही.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये एका सहकारी ताईंचे केस मशीनच्या फिरत्या शाफ्टमध्ये अडकून डोक्याची कातडी अर्धी सुटून लोंबत होती. आम्ही कुणालाच काय करायचं कळेना. एकाने तर ती कापून टाकू म्हटलं. त्या आता बऱ्या आहेत, पण पुढे असं झालं तर?

कापू दिली नाहीत, त्याबद्दल तुम्हा सगळ्यांना नमस्कार. जोडलेला भाग कितीही अरुंद असला तरी त्यातून रक्त येत असतं आणि डोक्याच्या कातडीत एवढी रक्तवाहिन्यांची रेलचेल आहे की अरुंद पट्टीवरही मोठा तुकडा जगतो. पाण्याने किंवा सलाइनने मोठी घाण काढायची, तुकडा अलगद मूळ जागी बसवायचा, वरून ओलसर गॉज आणि घट्ट पट्टी. मशीन आधी बंद, हे सांगायला लागू नये पण लागतं.

केस ओढले जातात तेव्हा कातडी त्याच सैल थरातून सुटते, म्हणून अख्खी टोपी काढल्यासारखी निघते. पूर्ण सुटली तर फेकू नका, स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ टाकलेल्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट कातडीला लागू द्यायचा नाही. आणि जिथे मायक्रोसर्जरी होते अशाच ठिकाणी न्या, बाकी सगळीकडे फक्त वेळ जातो. सुटलेली डोक्याची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून परत जगवल्याचं पहिलं यश १९७६ मध्ये मिलर, अँस्टी आणि स्नेल या सर्जननी नोंदवलं. जोडली तर केस परत येतात, मांडीची कातडी लावली तर येत नाहीत, एवढा फरक पडतो.

याच्या आधी काय करायचे ते ऐकाल तर अंगावर काटा येईल. हाडावरचं आवरणही गेलं असेल तर उघड्या कवटीवर कातडी धरतच नाही, हाड वाळून मरायला लागतं. अमेरिकेतल्या जेम्स रॉबर्टसनने १७७७ मध्ये एका डॉक्टरकडून शिकून घेतलेला उपाय पुढे १८०६ मध्ये छापला गेला, टोच्याने कवटीच्या बाहेरच्या पापुद्र्याला जवळजवळ बारीक भोकं पाडायची, त्यातून लालसर मांस वर येतं आणि हळूहळू सगळं हाड झाकतं. सावकाश काम, महिने लागायचे. गंमत म्हणजे तत्त्व चुकीचं नव्हतं, आजही वेळ पडली तर बाहेरचा थर घासून किंवा ड्रिल करून तेच केलं जातं, फक्त भूल देऊन.

आणि वर्कशॉपमध्ये केस टोपीत, ओढणी किंवा सैल काही नको, फिरत्या शाफ्टला कव्हर. मालकाला हे पत्र दाखवा हवं तर.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात मोठी पू भरलेली मऊ गाठ आली आहे, त्यावरचे केस हात लावला की निघतात. फोडून पू काढू म्हणतात. करू का?

थांबा. लहान मुलात अशी लिबलिबीत गाठ, वर पू, केस सहज हातात येतात, म्हणजे बऱ्याचदा ती नायट्याची बुरशी असते जी केसांच्या मुळांत खोल गेलीय. दिसतं गळवासारखं पण फोडून उपयोग नाही, उलट व्रण राहून तिथे केस कायमचे जातात. केस आणि खपली तपासायला पाठवतात आणि पोटातून बुरशीचं औषध देतात, साधारण सहा ते आठ आठवडे. नुसतं वरून मलम पुरत नाही कारण ते मुळांपर्यंत पोचत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून मग ठरवा, आणि घरात इतर मुलं असतील तर त्यांचंही डोकं बघा, मांजर-कुत्रं असेल तर त्याचंही.

प्रश्न : माझं वय ६४, टक्कल आहे. चार महिन्यांपूर्वी डोक्यावर कंगव्याने किंवा कशाने तरी खरचटलं असावं. खपली धरते, पडते, थोडं रक्त येतं, पुन्हा खपली. दुखत अजिबात नाही. केमिस्टने दिलेली तीन मलमं झाली. बायको मागे लागली म्हणून लिहितोय, नाहीतर एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्हाला त्रास दिला नसता.

काका, आजच्या सगळ्या पत्रांत मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या पत्राची वाटली. काकूंना सांगा की त्या बरोबर आहेत.

वर इतक्या वेळा लिहिलं की डोक्याची जखम पटकन भरते. मग जी भरत नाही तिच्याबद्दल प्रश्न पडायला हवा. महिना-दीड महिना झाला आणि तीच जागा उघडते मिटते, उघडते मिटते, तर ती खरचटल्याची जखम राहिलेली नाही असं धरून चालायचं. टकलावर वर्षानुवर्षं थेट ऊन पडतं, तिथे त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो आणि तो सुरुवातीला असाच दिसतो, न दुखणारी, न भरणारी खपली. आजूबाजूला हाताला खरखरीत लागणारे छोटे डाग आहेत का तेही बघा, सँडपेपरसारखे, उन्हाने बिघडलेली कातडी तशी लागते. माणसाला आठवतं की काहीतरी लागलं होतं, कंगवा, फांदी, दार, आणि तो त्यालाच दोष देत बसतो, पण बऱ्याचदा आधीच नाजूक झालेली जागा असते म्हणून ती लागल्यावर उघडते.

जुन्या भाजल्याच्या व्रणावर अनेक वर्षांनी नवी जखम झाली आणि भरेना तर तेही याच रांगेत. त्याला फ्रेंच सर्जन मार्जोलिनचं नाव आहे, त्यांनी १८२८ मध्ये व्रणावरच्या अशा जखमांचं वर्णन केलं होतं. ज्यांना लहानपणी डोक्याला भाजलंय त्यांनी हे लक्षात ठेवा.

कॅन्सरच असेल असं मी म्हणत नाहीये. खूप उन्हाने पातळ झालेल्या कातडीवर नुसती सूज येऊन पू आणि खपल्यांचे चट्टे पडतात, सोरायसिस खाजवून होतं, सतत त्याच जागी टोपी घासून होतं. पण हे बघून कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. बायोप्सी करायची. जागा बधिर करायची, छोटा तुकडा काढायचा, एखाद-दोन टाके, पंधरा-वीस मिनिटांत घरी. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगा.

समजा निघालाच तरी घाबरून जायचं कारण नाही. त्यातला एक प्रकार फार सावकाश वाढतो आणि दुसरीकडे सहसा पसरत नाही, दुसरा मात्र कानाजवळच्या आणि मानेच्या गाठींत जाऊ शकतो, तरी दोन्ही लवकर काढले तर बहुतेक वेळा काम तिथेच संपतं. उशीर झाला की ते हाडापर्यंत जातं आणि मग मोठं ऑपरेशन, शेजारची कातडी फिरवून आणायची, वगैरे. चार महिने तसे फार नाहीत, पण पाचवा होऊ देऊ नका.

तोपर्यंत ती तिन्ही मलमं बंद. त्यातल्या एकात स्टेरॉइड असणार, अशा मलमाने लाली कमी होते आणि बरं वाटतंय असं वाटून अजून दोन महिने जातात. खपली नखाने काढू नका, बाहेर पडताना टोपी घाला. आज फोनवर त्या जागेचा फोटो काढा, शेजारी एक छोटी पट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे डॉक्टरांना ती किती मोठी होती ते कळेल, आणि बायोप्सीचा रिपोर्ट आला की मला कळवा, काकूंनी कळवलं तरी चालेल.